२५ की ३०? आधी डबा मोजा

ऑफिसला रोज न्यायला लुई व्हितॉंची स्पीडी हँडबॅग घ्यायची, पण २५ की ३०, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकींनी २५ सुचवली आहे. दिसायला ती गोडच आहे, पण डबा, पाण्याची बाटली, छत्री कोण नेणार?

हा आकडा म्हणजे बॅगेची सेंटिमीटरमधली रुंदी. २५ची उंची साधारण १९ आणि ३०ची २१. म्हणजे बाटली उभी राहणार नाही, आडवीच ठेवावी लागेल, झाकण घट्ट लावून. मी तर दुकानात जाण्याआधी घरातला एक खोका २५च्या मापाचा कापला आणि रोजचं सगळं सामान त्यात भरून पाहिलं. डब्यावरच गाडी अडली, मग मुकाट्याने ३० घेतली. (नवरा अजून त्या खोक्यावरून हसतो.)

कुणीतरी लुई व्हितॉंचीच नेव्हरफुल ही मोठी टोट बॅग सुचवली आहे. जागा भरपूर, पण वरून उघडी, नुसता एक हूक. सकाळी दादरला लेडीज डब्यात शिरताना मला स्पीडीसारखी चेनच हवी.

आणि हो, मोनोग्रामच्या (LV अक्षरांच्या नक्षीच्या) स्पीडीचे हँडल कच्च्या, फिकट चामड्याचे असतात. पाण्याचा थेंब पडला की डाग. जून ते सप्टेंबर मी ती कपाटातच ठेवते आणि साधी नायलॉनची वापरते. बारा महिने एकच बॅग हवी असेल तर कॅनव्हासवर गडद चामडं असलेली डॅमिए एबेन (तपकिरी चौकड्यांची) स्पीडी बघा.