कॉडच्या तुकडीतला जंत आणि सील: यात सीलचे नेमके काय बिघडते?

खाडीकाठ
नमस्कार. मी मूळची अलिबागची असून दोन वर्षांपासून कॅनडात, नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्स येथे राहते. मागच्या आठवड्यात येथल्या एका मासळीच्या दुकानातून ताजा कॉड आणला. तुकड्या धुताना एका तुकडीच्या मांसात तांबूस तपकिरी रंगाचा, साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा एक जंत वेटोळे घालून बसलेला दिसला. लहानपणापासून घरी मासळी साफ करत आले आहे. माशांच्या आतड्यांत पांढऱ्या अळ्या क्वचित पाहिल्या होत्या, पण मांसातच रुतून बसलेला असा जंत प्रथमच पाहिला. दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने शांतपणे सांगितले की हा ‘सीलचा जंत’ आहे, तो काढून टाकून मासा नीट शिजवावा, बाकी काही काळजी करू नये.

माझी शंका अशी की सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पोटातला जंत कॉडच्या मांसात पोहोचतो कसा? त्याने सील आजारी पडतो का? माझ्या कार्यालयातले एक गृहस्थ, ज्यांचे घराणे पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आले आहे, ते सरळ म्हणतात की सील मारल्याशिवाय हा जंत जाणार नाही. हे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पशुवैद्य_परभणी
आपला प्रश्न चांगला आहे आणि दुकानदाराने दिलेले उत्तरही बरोबर आहे. मी पशुवैद्यक महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवतो. आमचा रोजचा संबंध गाई-म्हशींच्या जंतांशी येत असला तरी समुद्रातल्या या जंतांची कथा मी वर्गात मुद्दाम सांगतो, कारण एकाच जंताला आयुष्य पुरे करण्यासाठी किती घरे बदलावी लागतात हे तिच्यातून फार स्पष्ट दिसते.

आपल्याला सापडली ती स्यूडोटेरानोव्हा डेसिपिएन्स या गोलकृमीची अळी असावी. आपल्याकडे माणसाच्या पोटात होणाऱ्या मोठ्या जंताचा, अ‍ॅस्कॅरिसचा, तो दूरचा नातलग म्हणता येईल. त्याचे प्रौढ नर-मादी राहतात ते सीलच्या जठरात, आणि आपण राहता त्या भागात मुख्यतः राखी सीलच्या. मादीने घातलेली अंडी सीलच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात आणि तळाशी जातात. तेथे त्यांतून जी अळी बाहेर येते ती मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी असते आणि शेपटीच्या टोकाने तळाला चिकटून वळवळत राहते. या वळवळण्यामुळेच ती कोपेपॉडसारख्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या नजरेस पडते आणि गिळली जाते. ते कोपेपॉड त्याहून मोठ्या, दिसायला आपल्या जवळ्यासारख्या असणाऱ्या प्राण्यांच्या पोटात जातात, ते लहान माशांच्या, आणि लहान मासे कॉडसारख्या मोठ्या माशांच्या. प्रत्येक वेळी अळी नव्या पोशिंद्याचे आतडे भेदून त्याच्या शरीरात जाते. माशात ती मांसात शिरते, भोवती वेष्टन तयार होते आणि ती तेथे वर्षानुवर्षे वाट पाहत राहते. मोठा आणि वयस्क कॉड जितके लहान मासे खातो तितक्या अळ्या त्याच्या अंगात साठत जातात. सीलने तो मासा खाल्ला की वेष्टन विरघळते, अळी जठरात प्रौढ होते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आता आपला दुसरा प्रश्न. एका राखी सीलच्या जठरात शेकडो, कधी हजारांच्या घरात जंत आढळतात. त्यांतले काही झुपके करून जठराच्या अस्तरात तोंड खुपसून बसतात आणि तेथे व्रण होतात. तरीही बहुतेक सील धडधाकट असतात. सीलच्या आणि या जंताच्या पूर्वजांचा सहवास फार जुना आहे. ज्या पोशिंद्याच्या जिवावर आपली अंडी पसरायची त्याला लगेच मारण्यात जंताचा काहीच फायदा नसतो. आपल्या सहकाऱ्यांच्या मताबद्दल मात्र येथल्यापेक्षा तेथल्या माणसाने लिहिलेले बरे.

मीठबंदर
मी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनजवळ मत्स्यप्रक्रिया कारखान्यात अकरा वर्षे काम केले. त्यामुळे जंत शोधण्याबद्दल सांगू शकतो. कॉडच्या फिले, म्हणजे काटे काढलेले मांसाचे लांब तुकडे, काचेच्या टेबलावर पसरतात, खालून प्रखर उजेड सोडतात आणि कामगार डोळ्यांनी पाहून चिमट्याने जंत काढतात. पातळ फिलेत हे सोपे असते, जाड मांसात खोलवरचा जंत सुटतो. म्हणूनच आपल्या तुकडीत तो आला. हे काम वेळखाऊ असते, त्याचा खर्च कारखान्यावर पडतो आणि त्यामुळे कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर सीलविषयीचा राग केवळ भावनेचा नाही, व्यवहाराचाही आहे.

पण सील मारण्याचा प्रयोग झालेला आहे, हे लक्षात घ्यावे. कॅनडात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखी सील मारण्याच्या सरकारी मोहिमा झाल्या, काही काळ त्यांच्यावर इनामही होते, आणि त्यामागे हा जंत हे एक मोठे कारण होते. तरी सील वाढतच गेले. हॅलिफॅक्सच्या पूर्वेला सेबल बेट आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे वर्षाला काही शेकडा पिले जन्मत असत, तर २०१६ च्या मोजणीत हा आकडा सुमारे ८७ हजारांवर गेला. २०१२ मध्ये कॅनडाच्या सेनेटच्या समितीने सेंट लॉरेन्सच्या आखातातले ७० हजार राखी सील मारावेत अशी शिफारस केली. त्या शिफारशीचे मुख्य कारण मात्र जंत नव्हते, तर सील कॉड खातात आणि कॉडची घटलेली संख्या सावरत नाही, हे होते. दोन्ही मुद्दे बाजारात एकत्र मिसळले जातात. जंत किती होतील हे सीलच्या संख्येवर अवलंबून असते हे खरे, पण तळाचे पाणी किती थंड आहे, अंडी किती दिवसांत उबतात, मधले प्राणी किती आहेत, या सगळ्यावरही ते ठरते. ‘सील निम्मे करा, जंत निम्मे होतील’ असे गणित येथे बसत नाही.

खाडीकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सहकाऱ्यांना हे दाखवेन. ते मान्य करतील याची खात्री नाही, पण सेनेटच्या आकड्यावर ते नक्की बोलतील. आणखी एक विचारते. मग जंतांनी सील मरतच नाहीत, असे समजावे का?

प्रवाळ
तसे समजू नये. पशुवैद्य यांनी लिहिलेले जठरातल्या जंतापुरते बरोबर आहे, पण सील आणि त्यांचे नातलग समुद्रसिंह यांच्या पिलांच्या बाबतीत चित्र फार वेगळे आहे. मी कॅलिफोर्नियात समुद्री सस्तन प्राण्यांच्या एका बचाव केंद्रात काही वर्षे स्वयंसेवक होतो, म्हणून या विषयावर थोडे जास्त लिहितो.

अलास्काजवळ बेरिंग समुद्रात प्रिबिलोफ बेटे आहेत. तेथल्या सेंट पॉल बेटावर फर सील हजारोंनी येऊन पिले घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे पिले मोठ्या संख्येने मरत होती आणि त्यांची आतडी उघडल्यावर रक्त शोषणारे अंकुशकृमी सापडले. फ्रेडरिक लुकस यांच्या नावावरून त्या कृमीला पुढे अनसिनारिया लुकासी असे नाव मिळाले. कोडे असे होते की प्रौढ कृमी केवळ पिलांतच सापडत, मोठ्या सीलांत नाही. त्याचे उत्तर १९६५ मध्ये ओल्सेन आणि लायन्स या दोन संशोधकांनी मांडले: अळ्या आईच्या दुधातून पिलात येतात. बेटावरच्या मातीत पडलेल्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, कोणत्याही वयाच्या सीलच्या त्वचेतून आत शिरतात आणि पोटाकडच्या चरबीत स्वस्थ बसून राहतात. नरात आणि बिनव्याल्या मादीत त्यांचा पुढे काही उपयोग नाही. पण मादी व्याली की त्या स्तनांकडे सरकतात आणि पिलाच्या पहिल्या काही दिवसांच्या दुधातून आत जातात. आतड्यात त्या प्रौढ होतात, रक्त पितात, अंडी घालतात, आणि काही महिन्यांत पिलाचे शरीर त्यांना बाहेर टाकते, अर्थात ते पिलू तोवर जगले तर. दूध हेच विषाचे वाहन व्हावे, हे मला अजूनही पचत नाही. पण कुत्र्याच्या पिलांतही अंकुशकृमी याच वाटेने येतात, हे येथल्या पशुवैद्यांना ठाऊक असेलच.

वाळूच्या किनाऱ्यावर या कृमीचे प्रमाण जास्त, खडकाळ किनाऱ्यावर कमी असते, कारण अळ्यांना टिकून राहायला ओलसर वाळू लागते. पुढे सेंट पॉल येथे फर सीलच घटले, तेव्हा हा कृमीही तेथे दुर्मीळ झाला. दक्षिणेला, कॅलिफोर्नियाच्या सॅन मिगेल बेटावर, समुद्रसिंहांच्या पिलांत मात्र याच कृमीची एक जवळची जात घातक ठरली आहे. तेथे कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत उतरतात आणि त्यांच्यामागून जिवाणू रक्तात शिरतात. याच बेटावर काही पिलांना आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिले असता ती इतरांपेक्षा चांगली वाढली आणि जास्त जगली. सगळ्या रानटी पिलांना असे औषध द्यावे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि माझे स्वतःचे उत्तर ‘नाही’ असे आहे. न्यूझीलंडच्या समुद्रसिंहांसारखी जात धोक्यात असेल तरच मी त्याला होकार देईन.

आमच्या केंद्रात मात्र अंकुशकृमीपेक्षा फुप्फुसकृमींमुळे येणारी जनावरे जास्त असत. समुद्रसिंहातल्या पॅराफिलारॉइडीस या कृमीच्या अळ्या खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात, विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती विष्ठा ओपलआय नावाचा मासा खातो. तो मासा समुद्रसिंहाने खाल्ला की वर्तुळ पूर्ण. हत्ती सीलच्या कोवळ्या पिलांची गोष्ट याहून वाईट आहे. आईने सोडल्यावर ती पहिल्यांदा स्वतः मासे खायला लागतात आणि ओटोस्ट्राँजिलस हा फुप्फुसकृमी त्यांत शिरतो. कृमी प्रौढ होण्याआधीच, म्हणजे विष्ठेत त्याची एकही अळी दिसण्याआधीच, पिलू मरू शकते. तपासणी कोरी येते आणि जनावर जाते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले.

हार्बर सीलमध्ये तर हृदयातला कृमी सीलच्या अंगावरच्या उवेतून एकमेकांत पसरतो.

पशुवैद्य_परभणी
प्रवाळ यांची दुरुस्ती मान्य. मी प्रौढ जनावरांचे बोललो आणि पिले राहून गेली. गाई-म्हशींतही आमची हीच चूक होते, कारण रेडकांतला टॉक्सोकॅरा हा जंतही म्हशीच्या दुधातूनच येतो. मोठे जनावर ठणठणीत, आणि रेडकू मात्र दोन-तीन आठवड्यांत खंगलेले, हे दृश्य आमच्या भागातल्या गोठ्यांत नवीन नाही.

मालवणी_सुरमई
भारताच्या समुद्रात सील नाहीत, त्यामुळे तो जंत आमच्याकडे येत नाही. पण अ‍ॅनिसाकिस नावाचा त्याचा भाऊ देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात वाढतो. त्याच कुळातल्या अळ्या आपल्या किनाऱ्यावरच्या वाकटीसारख्या माशांच्या पोटातही आढळल्या आहेत. आपण मासळी पकडताच पोट साफ करून, मग तिखट-मीठ लावून रटरटवतो, म्हणून बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. खाडीकाठ यांनी कच्च्या माशाचे काही विचारलेले नाही, तरी त्या परदेशी राहतात म्हणून सांगतो की लिंबू, व्हिनेगर किंवा हळद-मीठ लावल्याने या अळ्या मरत नाहीत.

मीठबंदर
हे महत्त्वाचे आहे. १९६० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये कच्चे हेरिंग खाणाऱ्यांच्या आतड्यात या अळ्या सापडल्या आणि १९६८ मध्ये तेथे हेरिंग आधी गोठवण्याचा नियम आला. आज युरोपात कच्चा खायचा मासा गाभ्यापर्यंत उणे २० अंशांवर किमान २४ तास ठेवावा लागतो, आणि अमेरिकेतली सूचना त्याच तापमानाला सात दिवसांची आहे. घरातला फ्रीझर बहुतेक वेळा उणे १८ च्या आसपासच असतो आणि दार सतत उघडझाक होते. म्हणून घरी गोठवून सुशी करण्यापेक्षा शिजवून खाल्लेले चांगले. आणि ज्यांना अशा अळ्यांची अ‍ॅलर्जी एकदा झाली आहे, त्यांनी मासा शिजवलेला असला तरी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण तिला कारणीभूत असणारी काही प्रथिने उष्णतेने नष्ट होत नाहीत.

खाडीकाठ
उरलेल्या कॉडचे मी त्याच दिवशी कालवण केले होते. आता तुकड्या आधी खिडकीकडे धरून, उजेडात पाहून मगच हळद लावते.