संध्याकाळी पाचची भूक कशी आवरायची?

पुडाफोडी:
काम दिवसभर बसूनच. सकाळी घाईत चहा आणि बिस्किटं, साडेबाराला स्क्रीनकडे बघत जेवण. पाच वाजले की पोटात कावळे कोकलायला लागतात. दोनच बिस्किटं खायची म्हणून ड्रॉवरमधला पुडा फोडते आणि मागे फक्त चुरा उरतो. मग रात्री दहापर्यंत जेवायची इच्छा नाही आणि सकाळी परत पोट जड. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण सहानंतर डोकं चालत नाही. डाएट प्लॅन कृपया नको, माझ्याच्याने टिकत नाही.

आधी_जेवण:
साडेबारा ते दहा म्हणजे साडेनऊ तास. एवढ्या वेळात भूक लागली नसती तर काळजी केली असती! मनोनिग्रह वगैरे राहू द्या, ही खरी भूक आहे. तिला पाचला खायला द्या, फक्त काय द्यायचं ते सकाळीच ठरवून ठेवा. पाचला ठरवायला बसलात की पुडाच जिंकणार.

आणि खरी गोम सकाळच्या चहा-बिस्किटांत आहे. मैदा आणि साखर झटकन पचते. प्रथिनं आणि तंतू (फायबर) असले की पोट जास्त वेळ धरून राहतं. एका उकडलेल्या अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं, मध्यम सफरचंदात सालासकट 4 ग्रॅमच्या आसपास तंतू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते, म्हणजे एका फळाने भागत नाही. डाळी, भाज्या, अख्खी धान्यं लागतातच.

मागची_बाजू:
पुडा फेकण्याआधी उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी साखरेचीच तीन रूपं वेगवेगळ्या ओळींत विखुरलेली दिसतील. 4 ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. 2000 कॅलरीच्या आहारात वरची साखर 50 ग्रॅमच्या आत हवी, 25 च्या आत राहिली तर उत्तमच. मध आणि फळांचा रस यातच धरायचा, रस 'हेल्दी' म्हणून सुटत नाही.

निशाचर:
पाचला ग्लासभर पाणी प्या, भूक मरते. कॉफी मात्र नको. तिच्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं, झोप बिघडते आणि दुसऱ्या दिवशी खाखा वाढते.

आधी_जेवण:
कॉफीचं मान्य. पाण्याचं नाही. तहान असेल तर पाणी प्यावं, भूक कशाला मारायची?

पुडाफोडी:
वाचला पुडा. मैद्याच्या पाठोपाठ साखरच. आणि 'एक सर्व्हिंग' म्हणजे म्हणे दोन बिस्किटं, कोण खातं दोन? बरं, ऑफिसात फ्रिज नाही. दही किंवा अंडं सकाळी नेलं तर पाचपर्यंत चालेल?

आधी_जेवण:
नको. दोन्ही दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत, उन्हाळ्यात तर नाहीच. अंडं सकाळी घरीच खा. ड्रॉवरमध्ये बिनमिठाचे भाजलेले दाणे ठेवा आणि रोज एक फळ न्या, अख्खंच, चिरलेलं नको. दाणे मात्र मूठभर डबीत काढून. सबंध पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलंत तर त्याचाही चुराच उरेल.