नेहमीची खरेदी कुठे करता? ओळखीच्या दुकानांचे अनुभव

शाईचा डाग

गेल्या महिन्यात माझ्या नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानाचं शटर भर दुपारी अर्ध्यावर दिसलं. वाकून आत गेले तर काका कपाटं रिकामी करत होते. "बंद करताय?" विचारलं, तर म्हणाले, "नाही गं, निम्मी जागा सोडतोय. भाडं झेपत नाही." आणि टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. तीन खंडांच्या संचातला दुसरा खंड. मी तो विचारला त्याला आठ महिने झाले होते, मी विसरूनही गेले होते. आत एक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने माझं नाव आणि खाली 'पहिला, तिसरा आहेत. दुसरा हवा.' जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आला की ते आठ महिने त्यात हा एक खंड बघत होते.

त्याच दुकानात दोन वर्षांपूर्वी मी एक जाडजूड शब्दकोश वीस मिनिटं उभ्याने चाळला, मुखपृष्ठाचा फोटो काढला आणि रात्री मोबाइलवरून दुसरीकडे मागवला. तिथे स्वस्त होता. तो शब्दकोश रोज डोळ्यांसमोर असतो. काका कधी काही बोलले नाहीत, पण त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. आपण अडलो की ओळखीच्या दुकानात जातो आणि मोठी, सोपी, ज्यात दुकानदाराला चार पैसे सुटतील अशी खरेदी बाहेर करतो. आठ महिने खंड शोधण्याच्या कामात त्यांना काय मिळणार? त्या शब्दकोशात मिळालं असतं.

तुमचे अनुभव लिहा. चांगले, वाईट, दोन्ही. दुकानाचं किंवा गावाचं नाव नको, पण काय घडलं ते बारकाईने सांगा.

सांजसकाळ

माझा अनुभव नळाचा आहे. स्वयंपाकघरातला नळ महिनाभर गळत होता. मोठ्या दुकानात गेलो, तिथे वॉशर दहाच्या पाकिटात, तेही चार मापांचे मिसळलेले. घेतले, त्यातला एक बसवला, पंधरा दिवसांत पुन्हा थेंब थेंब सुरू. मग जुना वॉशर कागदात गुंडाळून घराजवळच्या हार्डवेअरवाल्यांकडे गेलो.

त्यांनी वॉशर उजेडात धरला, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं आणि मला दाखवलं. रबरावर गोल वण होता, पण एका बाजूला खोल चीर. म्हणाले, "वॉशरचा दोष नाही. नळाच्या आत हा जिथे टेकतो ती बैठक खरबरीत झाली आहे. तुम्ही कितीही वॉशर बदला, ती ते कापत राहणार." बैठक घासून घ्यायचं हत्यार त्यांनी मला संध्याकाळपुरतं वापरायला दिलं आणि एक सुटा वॉशर विकला. एकच. नळ अजून गळलेला नाही.

मला नवा नळ विकणं त्यांना सहज शक्य होतं. मी घ्यायच्या तयारीनेच गेलो होतो.

अबोली

मी दुसरी बाजू लिहिते. ओळखीचं दुकान मला नको असतं, कारण ते ओळखीचं असतं.

एकोणिसाव्या वर्षी मी घराजवळच्या औषधाच्या दुकानातून एक औषध घेतलं. कुठलं ते लिहीत नाही, गैर काही नव्हतं. मी घरी पोहोचायच्या आत ते घरी कळलं होतं. दुकानदारांना त्यात वावगं वाटलं नसेल, काळजीनेच सांगितलं असेल. पण पुढची दोन वर्षं मी दोन बस बदलून एका मोठ्या साखळी दुकानात जायचे. तिथे माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, पावतीवर लिहिलेली किंमत सगळ्यांना सारखी होती, आणि माणूस बघून बोलण्याचा सूर बदलत नव्हता. त्या परकेपणाने मला सांभाळलं. 'माणुसकी' म्हणून जे सांगितलं जातं ते प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, एवढं लक्षात असू द्या.

माजी शाखाव्यवस्थापक

अबोली, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मी अकरा वर्षं एका मोठ्या साखळीच्या शाखेत होतो, त्याआधी तीन वर्षं एका छोट्या दुकानात. छोट्या दुकानात मला ठरलेली सुट्टी नव्हती, आजारी पडलो की दिवस कापला जायचा. साखळीत पगारी रजा मिळाली, पगार तारखेला मिळाला. हे विसरून मी काही लिहिणार नाही.

पण शाखेत काय नव्हतं तेही सांगतो. ठरवण्याची मुभा. कुठल्या फळीवर कुठली वस्तू, किती रांगांत, डोळ्यांच्या उंचीला की खाली, याचा आराखडा मुख्य कार्यालयातून फोटोसकट यायचा. आम्ही मांडणी करून उलट फोटो पाठवायचा. डोळ्यांच्या उंचीची जागा बहुतेक वेळा पुरवठादाराने पैसे मोजून घेतलेली असे. एकदा गावातल्याच एका बाई स्वतः छापलेल्या मुलांच्या पुस्तकाच्या दहा प्रती घेऊन आल्या. सुंदर पुस्तक होतं. "दहाच ठेवा, खपली नाहीत तर परत नेईन," म्हणाल्या. माझ्या दुकानात शेकडो फळ्या होत्या आणि दहा प्रती ठेवायचा अधिकार मला नव्हता. पुस्तकाची नोंद संगणकात नाही, तर ते काउंटरवर स्कॅनच होणार नाही.

या स्कॅनिंगचा इतिहास मी नंतर वाचला. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात एका सुपरमार्केटमध्ये बारकोड लावलेली पहिली वस्तू स्कॅन झाली. लोकांना वाटतं त्याने फक्त रांग लवकर सरकली. माझ्या मते मोठा बदल वेगळाच झाला. काय खपतं, कधी खपतं, कोण काय घेतं हे आधी दुकानदाराच्या डोक्यात असायचं, ते तिथून निघून मुख्य कार्यालयात गेलं. मग काउंटरवरच्या माणसाला विचारायचं कारणच उरलं नाही.

आणखी एक, कारण स्वस्ताईचा विषय निघणारच. ज्यांचे भाव लोकांना तोंडपाठ असतात अशा मोजक्या वस्तू आम्ही मुद्दाम स्वस्तात विकायचो, कधी तोट्यातसुद्धा. बाकीच्या हजारो वस्तूंचे भाव कुणाच्या लक्षात नसतात, तिथून भरून निघायचं. पूर्ण यादी घेऊन दोन्हीकडे एकदा तरी ताडून बघा. काही घरांना साखळी खरंच स्वस्त पडते. काहींना फक्त तसं वाटतं.

वहीपेन

माझ्या बाबांचं स्टेशनरीचं दुकान आहे, आता मीही बसते. मोठी, सोपी खरेदी आपण बाहेर करतो, ही शाईचा डाग यांनी लिहिलेली ओळ मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय बाईंनी."

आमच्याकडे लोक कशासाठी येतात? एक रिफिल. एक झेरॉक्स. रात्री नऊला आठवलेला तक्ता. वर्षभराच्या वह्या, मोठी खरेदी, ती दुसरीकडून येते. कधीकधी दुसरीकडून आणलेल्या वह्यांना कव्हर घालून द्याल का, म्हणून आमच्याकडे आणतात. आम्ही घालून देतो. राग नाही, पण कव्हर घालून दुकानाचं भाडं निघत नाही.

मोठ्यांना भाव कसा परवडतो ते थोडं सांगते. पुरवठादाराची सूट टप्प्यांनी असते. अमुक पेट्या घेतल्या तर इतकी, त्याच्या दसपट घेतल्या तर तितकी. ज्या भावात आम्हाला माल पडतो, कित्येकदा त्याच भावात तो मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाला विकायला ठेवलेला असतो. म्हणजे आम्ही जास्त फायदा खातो असं नसतं, आमची खरेदीच महाग असते. कॉलेजात शिकताना मला अमेरिकेतला 1936 चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा भेटला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन दुकानदारांना तोच माल वेगवेगळ्या भावाने विकून स्पर्धेला धक्का लावता येणार नाही, असं तो सांगतो. मोठ्या खरेदीत पुरवठादाराचा खर्च खरोखर वाचत असेल तर तेवढी सूट चालते. किती साधी, न्याय्य गोष्ट! कायदा अजून पुस्तकात आहे, पण 1980 च्या दशकापासून सरकारने तो फारसा वापरला नाही.

दुसरा मार्ग म्हणजे दुकानदारांनीच एकत्र येऊन खरेदी करायची. जर्मनीतली एडेका आणि अमेरिकेतली एस हार्डवेअर बाहेरून साखळ्यांसारख्या दिसतात, पण त्यांची मालकी दुकानदारांच्या सहकारी संस्थांकडे आहे. पाटी एक, खरेदी एकत्र, पण दुकान आपापलं. आम्ही सहा दुकानदार गेल्या वर्षापासून कागदाची खरेदी एकत्र करतो. तीन महिने भांडलो, कुणाच्या गोदामात माल उतरवायचा यावर. आता बरं चाललंय. पुढच्या टप्प्याची सूट पहिल्यांदा मिळाली त्या दिवशी बाबांनी बिलाची प्रत जपून ठेवली.

पाटीपेन्सिल

स्थानिक दुकानात खर्च केलेला पैसा गावातच राहतो असं नेहमी ऐकतो. त्यामागचा एक आकडा मी शोधला होता. शिकागोच्या अँडरसनव्हिल वस्तीत 2004 साली पाहणी झाली. दहा स्थानिक दुकानं आणि त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या साखळ्या ताडून पाहिल्या. स्थानिक दुकानात खर्च झालेल्या 100 डॉलरमधले 68 डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत राहिले, साखळीत 43.

हा आकडा सगळीकडे छापतात, आणि तेच मला आवडत नाही. एका वस्तीचा, एका वर्षाचा, दहा दुकानांचा आकडा आहे तो. तुमच्या गावात तेवढाच फरक पडेल असं त्यावरून म्हणता येत नाही. कारण मात्र कुठेही समजण्यासारखं आहे. मालक तिथेच राहतो, तिथेच खर्च करतो. हिशेब लिहायला गावातला हिशेबनीस, पाटी रंगवायला गावातला रंगारी. साखळीचा हिशेब, जाहिरात, नफा सगळं एका लांबच्या इमारतीत जातं. त्या 43 मध्ये मोठा वाटा शहरातल्या शाखांमधल्या लोकांच्या पगारांचा, तोही काही थोडा नव्हे.

दोन काड्या

मी सत्तरीची आहे, टाइप नातू करतो आहे.

चष्म्याची एक काडी निखळली. चष्मा मुलाने मोठ्या दुकानातून घेतलेला. तिथे गेले तर म्हणाले, "आजी, ही फ्रेम आता येत नाही, नवी घ्या." परत येताना कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे सहज डोकावले. आत एक तिशीतला मुलगा. त्याने काडी बघितली, एक डबी उघडली. डबीत शेकडो बारीक स्क्रू, जुन्या मोडक्या चष्म्यांचे काढून ठेवलेले. भिंगातून बघत त्याने पाच-सहा लावून पाहिले, एक बसला. मग नाकावरच्या दोन्ही गाद्या काढून धुतल्या, काड्या किंचित वाकवल्या, माझ्या कानामागे बोट लावून बघितलं, पुन्हा वाकवल्या. "इथे लाल झालंय, टोचत असेल तुम्हाला," म्हणाला. टोचत होतं, दीड वर्ष. मला वाटायचं चष्मा म्हटला की टोचणारच.

पैसे विचारले तर नको म्हणाला. मला ते बरोबर वाटलं नाही. वीस मिनिटं त्याने दिली, ती कुणीतरी भरायला हवीत ना? मी पुढचा चष्मा त्याच्याकडून घेतला, माझ्या दोन मैत्रिणींनीही घेतला. मुलगा म्हणतो थोडा महाग पडला. पडू दे.

अबोली

दोन काड्या आजी, तुमचा कानामागचा लाल डाग वाचून थांबले. असं कुणी माझ्याकडे बघितलं असतं तर मीही तिथेच गेले असते.

एक कबूल करते. माझ्या आताच्या घराजवळ एक औषधाचं दुकान एक बाई चालवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. बाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, नाव मोठ्याने वाचलं नाही, औषध पिशवीत घालूनच काउंटरवर ठेवलं आणि डोस हळू आवाजात सांगितला. मी आता तिथेच जाते. म्हणजे मला परकेपणा हवा नव्हता, तोंड बंद ठेवणारं माणूस हवं होतं.

सांजसकाळ

वहीपेन, तुमचं वाचून आमच्या सोसायटीत विषय काढला. वर्षाच्या वह्या बारा घरं एकत्र मिळून एकाच जवळच्या दुकानातून घेणार. दुकानदारांना दोन महिने आधी यादी दिली, निम्मे पैसे आगाऊ. ते म्हणाले, आगाऊ पैसे मिळाले म्हणून त्यांना पुढच्या टप्प्याची सूट घेता आली, त्यातली थोडी आम्हाला दिली. मोठ्या दुकानापेक्षा किंचित महागच पडलं, पण दोन वह्यांची पानं सुटी निघाली तेव्हा संध्याकाळी जाऊन बदलून आणली. त्यासाठी कुठला फॉर्म भरावा लागला नाही.

शाईचा डाग

पुस्तकांबद्दल एक राहिलं होतं. फ्रान्समध्ये 1981 च्या कायद्याने पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि नव्या पुस्तकावर कुणालाही पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही, मग दुकान केवढंही असो. त्या वेळचे सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने तो ओळखला जातो. मोठ्या कंपन्या घरपोच पाठवणी जवळजवळ फुकट करून त्यातून वाट काढू लागल्या, तेव्हा 2023 पासून 35 युरोंच्या आतल्या पुस्तकखरेदीवर किमान 3 युरो पाठवणी घ्यायची सक्ती झाली. ब्रिटनमध्ये उलट झालं. ठरलेल्या किमतीला बांधून ठेवणारा प्रकाशकांचा जुना करार 1990 च्या दशकात मोडला आणि खपाऊ पुस्तकं सुपरमार्केटात भरघोस सवलतीत विकली जाऊ लागली. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तिथे मी निदान निवडीवर लढलो असतो. भावावर मी लढूच शकत नाही."

काल निम्म्या जागेत गेले होते. कपाटांमधून आता आडवं होऊन जावं लागतं. भाचीसाठी शब्दकोश हवा होता, त्यांच्याकडे ती आवृत्ती नव्हती. फोन काढला नाही. "मागवून द्याल?" विचारलं. काकांनी चिठ्ठी घेतली, पेन्सिलीला टोक केलं, माझं नाव लिहिलं आणि खणात टाकली. गुरुवारी येईल म्हणालेत.