मदत हवी आहे: लोणी कढवताना तो खमंग वास येत नाही

लोणी कढू लागलं की घरभर दरवळणारा, थेट आजोळी नेणारा वास परत हवा आहे. तूप रवाळ होतं, पण वास किंचित उग्र येतो.

म्हशीच्या दुधाची साय आठवडाभर फ्रीजमध्ये साठवते, शेवटी एकदाच विरजण लावते. घुसळून लोणी तीन पाण्यांनी धुते, म्हणजे ताक राहून आंबटपणा येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आच. बेरी बदामी झाली की गॅस बंद, नाहीतर करपट वास लागतो.

मला संशय विरजणाचाच आहे. न विरजलेली साय फ्रीजमध्येही हळूहळू कडवट होते. मग पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालून त्यातच रोजची साय मिसळावी का? आणि विड्याचं पान नेमकं केव्हा टाकता, बेरी रंगायच्या आधी की गॅस बंद केल्यावर?