मदत हवी आहे: स्वर्ल (हवेचे गोल फिरणे) वाढवल्यावर रॉकेलचे थेंब काचेवर का आदळतात?

नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी रॉकेलचा एक छोटा बर्नर उभा केला आहे. मधोमध दाबावर चालणारे, पोकळ शंकूसारखा फवारा सोडणारे नोझल आहे. त्याच्याभोवतीच्या ४० मिमी व्यासाच्या तोंडातून, तिरप्या पात्यांच्या स्वर्लरमधून, हवा गोल फिरत बाहेर पडते. ज्योतीभोवती क्वार्ट्झची नळी आहे.

पाती ३० अंशांवर असताना ज्योत लांब, पिवळी आणि नोझलपासून सुटलेली असते. ४५ अंशांवर ती आखूड होते, बुडाशी निळी दिसते आणि जागेवर टिकते. हे अपेक्षितच होते. स्वर्लरच्या मधल्या गाभ्याचा व्यास बाहेरच्या व्यासाच्या ०.४ पट असल्याने स्वर्ल क्रमांक (हवेच्या फिरण्याचा जोर पुढे जाण्याच्या जोराच्या तुलनेत किती, हे सांगणारा आकडा) नेहमीच्या सूत्रानुसार ०.४३ वरून ०.७४ वर जातो, आणि साधारण ०.६ च्या पुढे अक्षाजवळचे तापलेले वायू उलटे नोझलकडे वाहू लागतात. अडचण अशी, की ४५ अंशांवर नळीच्या आतून एक ओला, तेलकट पट्टा उमटतो आणि थोड्याच वेळात तिथे काजळीचे कडे धरते.

केंद्रोत्सारी बलाने थेंब बाहेर फेकले जातात, हे सोपे उत्तर मला पटत नाही. हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर धरला, तर तोंडाच्या व्यासाइतके अंतर कापायला तिला २ मिलिसेकंद लागतात. थंड हवेत स्टोक्सच्या रोधानुसार (लहान थेंबाला हवेकडून होणाऱ्या विरोधाच्या सूत्रानुसार) २० मायक्रॉनच्या थेंबाला हवेचा वेग पकडायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, तर ५० मायक्रॉनच्या थेंबाला ६. (वेगातला फरक मोठा असल्याने प्रत्यक्षात हे काळ थोडे कमीच भरतील.) म्हणजे मोठा थेंब हवेबरोबर फिरायला लागण्याआधीच नोझलने दिलेल्या दिशेने सरळ निघून जायला हवा; मग पात्यांच्या कोनाने त्याला फरक का पडावा? शिवाय व्यासवर्गाच्या नियमात (जळत्या थेंबाच्या व्यासाचा वर्ग ठरावीक दराने घटतो) जळत्या रॉकेलचा स्थिरांक, म्हणजे हा दर, सेकंदाला सुमारे १ चौरस मिमी घेतला, तर तो ५० मायक्रॉनचा थेंब अडीच मिलिसेकंदांत संपतो.

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. एक, मधल्या उलट्या प्रवाहाचा फुगा फवाऱ्याचा शंकूच बाहेर रेटत असावा. दोन, बाहेरच्या बाजूचे थेंब ज्योतीत न शिरता भिंतीलगतच्या थंड हवेतून जात असावेत, त्यामुळे त्यांना वरचा जळण्याचा काळ लागूच पडत नसावा. या दोहोंतले मुख्य कारण कोणते, हे कसे ओळखावे? थेंबांचा आकार आणि वेग एकत्र मोजणारे उपकरण आमच्याकडे नाही. लेझरचा पातळ पडदा आणि कॅमेरा एवढेच आहे. ज्योत न पेटवता रॉकेलचे धुके उडवणे धोक्याचे, म्हणून पाण्यावर चाचणी घेण्याचा विचार आहे. पण पाण्याचा पृष्ठताण रॉकेलच्या अडीचपटीहून अधिक असल्याने थेंब जाडे पडतील. अशा चाचणीतून शंकूच्या कोनापुरता तरी निष्कर्ष काढता येईल का? आणि उपाय म्हणून आधी अरुंद कोनाचे नोझल लावून पाहावे, की आहे तेच नोझल थोडे मागे सरकवावे?