गाडी पुढून बसलीय, वर कशी घ्यायची?

घाटपायथा:
मदत हवी आहे, जरा लवकर. गाडी पुढून बसलीय, मागून नीट आहे. ड्रायव्हर साइड जास्तच खाली आहे, स्पीडब्रेकरला घासते आणि खड्ड्यात गेली की धाडकन आवाज. गॅरेजवाल्याने दोन्ही शॉकअप बदलायला लावले, पैसे गेले आणि गाडी होती तिथेच. गणपतीला घरच्यांना घेऊन कोकणात जायचंय.

रानवारा:
गाडी कुठली? साल?

पानापक्कड:
कुठली का असेना, स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका. माझ्या स्विफ्टला टाकलेत, एकदम मस्त.

रानवारा:
बफरने बसलेली स्प्रिंग बरी होत नाही हो. नवीन घ्या, आणि जोडीनेच.

घाटपायथा:
सफारी आहे, डायकॉर, 2009 ची. आणि बफर टाकू कुठे, पुढे स्प्रिंगच दिसत नाही!

काळीस्टॉर्म:
नीट बघा, सफारीला पुढे कॉइल स्प्रिंगच असते, माझ्या गाडीला आहे.

जुनाडिझेल:
स्टॉर्मला, म्हणजे नंतरच्या सफारीला आहे, डायकॉरला नाही. डायकॉरला पुढे टॉर्शन बार असतात, म्हणजे चेसीच्या कडेने मागे जाणारा जाड दांडा, तो पीळ खाऊन गाडीचं वजन पेलतो. शॉकअप वजन पेलत नाही, नुसती उसळी आवरतो, म्हणून बदलून फरक पडला नाही. एवढ्या वर्षांत बार बसणारच. बारच्या मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट आहे, तो आवळला की गाडी वर येते.
आधी टायरात हवा बरोबर भरा, सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घ्या. मग पुढून उचलून स्टँडवर ठेवायची, चाकं लोंबू द्यायची, वजन असताना बोल्ट फिरवला तर आटे जातात. आदल्या रात्री गंजावर तेल मारून ठेवा. थोडंथोडंच फिरवा, खाली उतरवून एक चक्कर मारा आणि मग मोजा, नाहीतर माप फसवतं. शेवटी अलाइनमेंट करायचीच, कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकाचा उभा कल आणि आत-बाहेरचा कोन, दोन्ही बदलतात, आणि हेडलाइटही बघून घ्या. आवाज बहुतेक बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकतं तो रबरी ठोकळा) आपटल्याचा असेल, तो फाटलाय का बघा.

पानापक्कड:
बोल्ट आवळला की सस्पेन्शन दगड होतं. बफर बरा.

जुनाडिझेल:
बार तोच तर कडकपणा तोच. फार वर घेतली की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून आपटल्यासारखं वाटतं. मूळ मापापुरतीच घ्यायची, उंट करायचा नाही. आणि बफर कशात टाकणार, दांड्यात?

रानवारा:
पुढे बुलगार्ड आहे का?

घाटपायथा:
आहे, पहिल्यापासून.

रानवारा:
काढा आधी. फुकटचं वजन, आणि डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलंय.

म्हशीवाला:
आमच्याकडे रात्री म्हशी रस्त्यात बसतात, त्यांना कोण सांगणार कायदा?

रानवारा:
म्हशीसाठी ब्रेक असतो.

कोकणकडा:
जाताय तर ताम्हिणीने जा, वरंध पावसात बऱ्याचदा बंद ठेवतात.

घाटपायथा:
रस्ता माहितीय हो. जुनाडिझेल, बोल्ट सापडले. क्लीनर साइडला आटे शिल्लक आहेत, ड्रायव्हर साइडचा शेवटपर्यंत आवळलेला आहे. आता?

जुनाडिझेल:
म्हणजे आधीच कुणीतरी त्यावर भागवलंय. तो बार काढून स्प्लाइनवर, म्हणजे बारच्या टोकाच्या दात्यांवर, दात बदलून बसवावा लागेल. हे घरी करू नका, त्यात पीळ असतो, सुटला तर हात जाईल. बार काढला की तडा आहे का बघायला सांगा, असेल तर नवाच. डावा-उजवा बार वेगळा असतो, टोकाची खूण बघूनच लावायचा. आणि चाक धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश त्याच वेळी बघून घ्या.

घाटपायथा:
गॅरेजवाला म्हणतो असलं काम कधी केलं नाही. पुण्यात नगर रोडच्या बाजूला कुणी जुन्या सफारीवाला माहितीय का?

पानापक्कड:
माझा बफरवाला तिकडेच आहे, विचारू का?