प्रतिसाद: धक्क्यावरचे मोजणीवाले

"मासळी कमी झाली हे कोळ्यांना आधीच ठाऊक असतं, मग सीएमएफआरआयचा उपयोग काय?" असं वर विचारलंय. कमी झाली हे ठाऊक असतंच. पण कोणती, किती आणि कोणत्या वयाची, हे धक्क्यावर बसून मोजल्याशिवाय कळत नाही.

सीएमएफआरआय म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था. ती १९४७ साली सुरू झाली. मुख्यालय आधी तामिळनाडूत मंडपमला होतं, आता कोचीला आहे, मुंबईतही केंद्र आहे. ससून डॉकसारख्या बंदरांवर त्यांचे लोक ठरलेल्या दिवशी उतरतात, आलेल्या होड्यांपैकी काही निवडून मासळी जातवार मोजतात आणि त्यावरून महिन्याच्या आवकेचा अंदाज बांधतात. प्रत्येक होडी मोजणं शक्यच नाही. शिवाय नमुन्याचे मासे चिरून गाभोळी पाहतात. मासा किती लांबीचा झाला की पहिल्यांदा अंडी देतो, ते त्यातून कळतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, तीही याच संस्थेच्या शिफारशीवरून.

माझी तक्रार वेगळी आहे. डोलजाळ्यात (भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) बोंबील-जवळ्याबरोबर बोटभर पापलेटंही येतात आणि जाळं वर येईपर्यंत बहुतेक मेलेली असतात. मग धक्क्यावर पट्टी लावून काय साधणार? (दंड झाला तरी मेलेलं पापलेट पोहायला लागत नाही.) खरा प्रश्न जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या आकाराचा आहे. तिथली अंमलबजावणी मात्र मत्स्यव्यवसाय खात्याकडे, संशोधकांकडे नाही. तेव्हा जाब विचारायचा तर तिथे विचारा.